साध्या खात्यावरून प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवायचाय, पण ती पासवर्डची खिडकी नको: कमांड लाइनवरून जमेल का?

शंकासुर

मंडळी, गुंता सुटत नाहीये म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे नोंदी ठेवायचा एक जुना प्रोग्रॅम आहे. बनवणाऱ्यांनी तो केव्हाच वाऱ्यावर सोडलाय, पण कामाचा सगळा डेटा त्यातच आहे. आयकॉनवर ती निळी-पिवळी ढाल. डबल क्लिक केलं की स्क्रीन काळवंडते आणि ॲडमिनचा पासवर्ड मागते. वापरणाऱ्यांची खाती साधी आहेत आणि साधीच ठेवायची आहेत. त्यामुळे रोज सकाळी एकेका मशीनपाशी जाऊन पासवर्ड मारायचं काम माझ्याकडे.

बॅच फाइलने (कमांडांची यादी असलेल्या फाइलने) हे सुटेल म्हणून रनॲज ही दुसऱ्या खात्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवणारी कमांड धरली. दोन ठिकाणी अडलोय.

एक, पासवर्ड कमांडमध्येच लिहायची सोय दिसत नाही. पाइपमधून ढकलून पाहिला, तरी थांबून विचारतेच.

दोन, माझं खातं ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात आहे. ते देऊन, पासवर्ड अचूक टाकूनही 'एरर ७४०, या कामासाठी वरची परवानगी लागते' असं उत्तर येतं. मग मी ॲडमिन आहे की नाही?

विंडोज १० आणि ११ दोन्ही आहेत. खिडकी न येता प्रोग्रॅम सुरू व्हावा, एवढंच मागणं आहे.

कोराकागद

सतरंजी टाकून बसलोय. आमच्याकडेही असाच एक प्रोग्रॅम आहे.

उलटा_स्लॅश

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो कळला की पहिल्याची गरजच राहत नाही. (कमांडा इथे देवनागरीत लिहितोय, मशीनवर टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

२००७ साली व्हिस्टा बाजारात आली तेव्हापासून ॲडमिन गटातल्या माणसाने लॉगिन केलं की विंडोज त्याच्या नावाने दोन टोकनं, म्हणजे अधिकारांची ओळखपत्रं, बनवते. एक पूर्ण अधिकारांचं, दुसरं छाटलेलं. एक्सप्लोरर छाटलेल्या टोकनावर सुरू होतो, आणि तिथून उघडलेल्या प्रत्येक गोष्टीला, ब्राउझर असो की काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट), तेच टोकन वारशाने मिळतं. परवानगीच्या खिडकीत 'होय' दाबल्यावर पूर्ण टोकन मिळतं ते फक्त त्या एका नव्या प्रोसेसला. 'नव्या' हे महत्त्वाचं. चालू प्रोसेसचे अधिकार मधेच वाढत नाहीत, त्यामुळे आधीच उघडलेल्या काळ्या खिडकीत बसून 'आता मला ॲडमिन कर' म्हणता येत नाही.

रनॲज ही विंडोज २००० सोबत आलेली कमांड, म्हणजे या सगळ्या भानगडीच्या आधीची. ती माणूस बदलते, अधिकारांची पायरी बदलत नाही. तुमच्या नावाने लॉगिन करते आणि छाटलेलं टोकन घेऊन येते. प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याच्या सोबतच्या माहितीपत्रात) 'ॲडमिन असल्याशिवाय चालणार नाही' असं लिहिलेलं असणार (ढाल त्यामुळेच दिसते), म्हणून ७४०. तुम्ही ॲडमिन आहातच, फक्त त्या घटकेला तुमच्या हातात ॲडमिनचं टोकन नाही.

याला अपवाद एकच, विंडोजसोबत येणारं 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं मूळ खातं. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याचं टोकन छाटलं जात नाही, आणि म्हणूनच व्हिस्टापासून ते बंद अवस्थेत येतं. 'रनॲज /यूजर:ॲडमिनिस्ट्रेटर मारा, झालं काम' असं सांगणारे जालावरचे लेख एकतर एक्सपीच्या काळातले असतात, नाहीतर हे खातं उघडं टाकून बसलेल्यांचे.

आपण कुठल्या टोकनावर आहोत ते बघायला 'हूॲमआय /ग्रुप्स' चालवा. यादीत 'हाय मँडेटरी लेव्हल' दिसलं तर पूर्ण, 'मीडियम' दिसलं तर छाटलेलं. बॅच फाइलमध्ये तपासायला बरेच जण 'नेट सेशन' चालवून एररलेव्हल बघतात. चालतं, पण सर्व्हर नावाची सर्व्हिस बंद असेल तर चुकीचं उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'एफएलटीएमसी' बरी.

खिडकीवाला

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. ते मूळ खातं चालू करा, रनॲजला /सेव्हक्रेड जोडा, प्रत्येक मशीनवर एकदाच पासवर्ड टाका. पुढे कधी विचारत नाही. खूप ठिकाणी असंच चालतं.

रिकामी_ओळ

खिडकीवाला, हे चालतं हे खरं, पण काय साठवलं जातंय ते बघा. /सेव्हक्रेड प्रोग्रॅम लक्षात ठेवत नाही, खातं लक्षात ठेवतं. एकदा साठवलं की त्या साध्या खात्यावर बसलेला कुणीही 'रनॲज /सेव्हक्रेड /यूजर:ॲडमिनिस्ट्रेटर' पुढे हवं ते लिहू शकतो. त्याने सीएमडी लिहिलं तर पूर्ण ॲडमिनची काळी खिडकी मिळते, तीही पासवर्डशिवाय. माणसाला सुचायचीही गरज नाही, त्याने उघडलेल्या एखाद्या अटॅचमेंटला सुचलं तरी पुरे. म्हणजे नोंदींचा एक प्रोग्रॅम चालावा म्हणून सगळ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा दाराबाहेर टांगायचा.

शंकासुर, पासवर्ड पाइपने घेत नाही ही अडचण नाही, रनॲज मुद्दाम तशी लिहिलेली आहे. ती पासवर्ड थेट कीबोर्डवरून वाचते, कारण तो बॅच फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडून राहू नये. बॅच फाइलचं एक्झी करून देणारी साधनं मिळतात, पण त्यातली बरीच चालताना मूळ मजकूर टेम्प फोल्डरमध्ये उलगडतात. कुणीही उघडून वाचावा.

आधीच कुणी /सेव्हक्रेड करून ठेवलं असेल तर त्या खात्यात बसून 'सीएमडीकी /लिस्ट' मारा. नावं दिसतील. 'सीएमडीकी /डिलीट:' पुढे ते नाव दिलं की पुसलं जातं.

खिडकीवाला

मुद्दा पटला. पण मग यूएसीच (ती परवानगीची खिडकी आणणारी सोय) बंद करून टाकलं तर? स्लायडर एकदम तळाला.

उलटा_स्लॅश

तळाला नेला तर ॲडमिन खात्यांना न विचारता पूर्ण टोकन मिळतं. साध्या खात्यांकडे पूर्ण टोकन मुळात नाहीच, त्यामुळे त्यांना पासवर्ड मागितला जाणारच. शंकासुरचं काही हलणार नाही आणि त्याच्या स्वतःच्या खात्याचं कुंपण तेवढं जाईल.

रजिस्ट्रीतून यूएसी मुळापासून उपटलं तर खिडकी येणार नाही, पण प्रोग्रॅम साध्या अधिकारांवर सुरू होऊन पुढे कुठेतरी अडखळेल.

पाइपमधलं_पाणी

टास्क शेड्यूलर कुणी कसं काढलं नाही अजून? 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस' वर खूण करून टास्क बनवायचं, कमांड लाइनवरून बनवत असाल तर 'एसचटास्क्स /क्रिएट' ला '/आरएल हायेस्ट' जोडायचं, आणि शॉर्टकटमध्ये 'एसचटास्क्स /रन /टीएन नाव'. खिडकी येत नाही, पासवर्ड नाही. माझ्या मशीनवर डिस्कची साधनं अशीच उघडतो.

रिकामी_ओळ

तुमच्या मशीनवर तुमचं खातंच ॲडमिन आहे म्हणून ते जमतं. साध्या खात्यासाठी दुसऱ्याच्या नावाने टास्क बनवलं तर ते पडद्याआड, सेशन शून्यात चालतं. प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये दिसते, खिडकी कुणालाच दिसत नाही. शिवाय दुसऱ्याने बनवलेलं टास्क चालवायची परवानगी साध्या खात्याला आपोआप नसते.

आणि तुमच्या डिस्कच्या साधनांबद्दल एक. ती एक्झी कुठल्या फोल्डरमध्ये आहे? डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर असेल तर छाटलेल्या टोकनावरचा कुठलाही प्रोग्रॅम ती फाइल बदलून स्वतःला तिथे ठेवू शकतो. पुढच्या वेळी तुमचं टास्क त्याला न विचारता ॲडमिन करेल. अशा टास्कमधली फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्येच हवी.

पाइपमधलं_पाणी

डेस्कटॉपवरच आहे. हलवतो.

कोराकागद

पॉवरशेलचं 'स्टार्ट-प्रोसेस -व्हर्ब रनॲज' वेगळं का? नावात तर तेच आहे.

उलटा_स्लॅश

नाव तेच, काम वेगळं. हे व्हर्ब म्हणजे उजव्या क्लिकमधलं 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा'. ते पायरी चढवतं, म्हणजे खिडकी दाखवतं. रनॲज कमांड खिडकी दाखवत नाही आणि पायरीही चढवत नाही. दोघांचं काम एकाच ओळीत करायला गेलात तर जमत नाही, -व्हर्ब आणि -क्रेडेन्शियल एकत्र घेतच नाही.

बॅच फाइलने स्वतःलाच ॲडमिन करून पुन्हा उघडायचं तर हाच मार्ग. एफएलटीएमसीने तपासायचं, नसेल तर स्टार्ट-प्रोसेसने स्वतःला हाक मारायची. त्यात लोक हमखास तीन ठिकाणी अडकतात. नवी खिडकी सिस्टम३२ फोल्डरमध्ये उघडते, त्यामुळे बॅचच्या सुरुवातीला 'सीडी /डी' करून बॅचच्याच फोल्डरमध्ये यावं लागतं (टक्का, टिल्ड, डीपी, शून्य, आणि बाहेरून अवतरणचिन्हं). नेटवर्कचे जोडलेले ड्राइव्ह दिसत नाहीत, कारण ते छाटलेल्या टोकनाच्या लॉगिन सेशनला जोडलेले असतात, पूर्ण टोकनाचं सेशन वेगळं. तिथे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरचा पूर्ण पथ लिहावा. आणि आउटपुट जुन्या खिडकीत येत नाही. ते फाइलमध्ये लिहायचं असेल तर वळवणी (फाइलकडे वळवणारं चिन्ह) आतल्या कमांडमध्ये टाका, बाहेर नको.

एक्सप्लोररमधून फाइल ओढून ॲडमिन खिडकीत टाकली तर काहीच होत नाही, हाही त्यातलाच प्रकार. खालच्या पातळीवरच्या खिडकीला वरच्या पातळीवरच्या खिडकीकडे असे संदेश पाठवता येत नाहीत. माउस बिघडलेला नसतो.

मूळपुरुष

एवढा वेळ वाचतोय. किल्ली कशी मिळवायची यावर सगळे बोलताय. हा प्रोग्रॅम ॲडमिन मागतो *कशासाठी* हे शंकासुरला कुणी विचारलं का?

नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला मशीनच्या मालकीची गरज नसते. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की लिहिणाऱ्याने डेटा प्रोग्रॅम फाइल्सच्या आतच ठेवला, स्वतःच्या मशीनवर ॲडमिन म्हणून बसून तपासला, आणि ग्राहकाकडे अडल्यावर मॅनिफेस्टमध्ये 'ॲडमिन हवाच' टाकून मोकळा झाला.

सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर उतरवा, फुकट आहे. प्रोग्रॅम कुठे हात लावतो आणि कुठे अडतो ते त्यात दिसतं. मॅनिफेस्टच्या त्या मागणीला 'मला नकोय, बोलावणाऱ्याच्याच अधिकारांवर चाल' असंही सांगता येतं. साध्या काळ्या खिडकीत:

सेट __कॉम्पॅट_लेयर=रनॲजइन्व्होकर
स्टार्ट "" "प्रोग्रॅमचा पूर्ण पथ"

सुरुवातीला दोन अंडरस्कोअर आहेत. स्टार्टनंतरची रिकामी अवतरणं गाळू नका, नाहीतर तो पथालाच खिडकीचं शीर्षक समजतो. आता खिडकी न येता प्रोग्रॅम उघडेल आणि कुठेतरी आपटेल. आपटू द्या. प्रोसेस मॉनिटर आधीच ॲडमिन म्हणून चालू ठेवा, प्रोसेसच्या नावाची चाळणी लावा आणि निकालाच्या रकान्यात 'ॲक्सेस डिनाइड' असलेल्या ओळी इथे आणा.

शंकासुर

अरे वा, खिडकी खरंच आली नाही! प्रोग्रॅम उघडला आणि लॉगिननंतर 'डेटाबेस उघडता येत नाही' म्हणून बंद पडला.

प्रोसेस मॉनिटरमध्ये चिक्कार ओळी आहेत, पण चाळल्यावर दोनच प्रकार उरले. प्रोग्रॅमच्या फोल्डरमधल्या 'डेटा' फोल्डरमधल्या फाइली लिहिण्यासाठी उघडताना नकार. आणि तो सुरू होताना आपली एक सर्व्हिस (पडद्याआड चालणारा भाग) चालू करायला बघतो, ते त्याच्याच लॉगमध्ये दिसलं, तिथेही नकार.

मूळपुरुष

दोनच? नशीबवान आहात.

डेटा फोल्डरसाठी, एकदाच, ॲडमिन खिडकीतून:

आयकॅकल्स "डेटा फोल्डरचा पथ" /ग्रँट यूजर्स:(ओआय)(सीआय)एम

एम म्हणजे वाचणे, लिहिणे, पुसणे. कंसातली दोन अक्षरं आतल्या फाइली आणि फोल्डर यांनाही तेच लागू करतात. एक सांभाळा. ही परवानगी *फक्त* डेटा फोल्डरला द्या, वरच्या फोल्डरला नको. जिथे एक्झी आणि डीएलएल आहेत तिथे साध्या खात्याला लिहिता आलं, तर उद्या तुम्ही ॲडमिन म्हणून तो प्रोग्रॅम उघडाल तेव्हा कुणाची एक्झी चालवताय ते तुम्हालाही कळणार नाही.

सर्व्हिसचं थोडं नाजूक आहे. सर्व्हिस चालू-बंद करायची परवानगी तिच्या सुरक्षा वर्णनात असते. 'एससी एसडीशो सर्व्हिसचं नाव' मारलं की अक्षरांची एक लांबलचक ओळ मिळते. ती आधी फाइलमध्ये जपून ठेवा. 'डी:' च्या भागात, आणि 'एस:' असेल तर त्याच्या आधी, कंसात एक नवी नोंद घालायची: परवानगी, आरपी, आणि शेवटी बीयू. आरपी म्हणजे चालू करणे, बीयू म्हणजे साधे वापरकर्ते. बंद करायचीही गरज असेल तर डब्ल्यूपी. मग सगळी ओळ 'एससी एसडीसेट' ला परत द्यायची, *सगळी*, नुसता नवा तुकडा नाही. नुसता तुकडा दिलात तर बाकीच्या परवानग्या पुसल्या जातील आणि ॲडमिनच बाहेर राहील.

त्या कंसात डीसी ही अक्षरांची जोडी चुकूनही घालू नका. त्याने सर्व्हिसची मांडणी बदलता येते, म्हणजे कुठली एक्झी चालवायची तेही. सर्व्हिस सिस्टम खात्यावर (विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर) चालत असेल तर ही ॲडमिनपेक्षाही मोठी भेट झाली.

उलटा_स्लॅश

आणि हे पॉवरशेलमध्ये करत असाल तर 'एससी' नुसतं लिहू नका, 'एससी.एक्झी' लिहा. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये एससी हे 'सेट-कंटेंट' चं टोपणनाव आहे. एरर येत नाही, एसडीशो नावाची फाइल तयार होते आणि आपण विचार करत बसतो.

आयकॅकल्सचे कंसही पॉवरशेलला झेपत नाहीत, ते अवतरणात घाला.

खिडकीवाला

आमच्या एका जुन्या प्रोग्रॅमचा किस्सा आता उमगला. त्याला मॅनिफेस्टच नाही, ढालही नाही. साध्या खात्यावर बिनबोभाट चालतो, नोंदी होतात. पण ॲडमिन म्हणून उघडला की त्या नोंदी गायब! आणि दुसऱ्या खात्यावर तिसऱ्याच नोंदी.

मूळपुरुष

गायब नाहीत. ३२ बिट आणि मॅनिफेस्ट नसलेला प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज नकार देण्याऐवजी ते लिखाण गुपचूप त्या खात्याच्या ॲपडेटाखालच्या लोकल फोल्डरमध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या जागी वळवते. ॲडमिन म्हणून चालवला की वळवणं बंद आणि खऱ्या जागची जुनी फाइल दिसते. प्रत्येक खात्याचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा, तुमचा डेटा तिथे तुकड्यातुकड्यांत बसलाय. तो एकत्र केल्याशिवाय परवानग्यांना हात लावू नका, नाहीतर कुठली फाइल ताजी यावरून महाभारत होईल.

तिरपी_रेघ

हे सगळं वाचून लिनक्सवर असल्याचा आनंद झाला. आमच्याकडे कमांडच्या आधी एक सुडो लिहिलं की ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालते. संपलं.

मूळपुरुष

संपलं नाही हो. 'सुडो' एवढंच उत्तर देणाऱ्यांनी जितकी यंत्रं उघडी टाकलीत तितकी /सेव्हक्रेडने टाकली नसतील.

सुडो १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगेशल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलं. रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटण्यापेक्षा ज्याला जेवढं हवं तेवढंच द्यावं, आणि कुणी काय चालवलं त्याची नोंद राहावी, असा हा प्रकार. सुडोअर्स या नियमांच्या फाइलमध्ये 'या माणसाने, या यंत्रावर, या खात्याच्या नावाने, ही एकच कमांड' इतकं बारीक लिहिता येतं. आणि लोक लिहितात काय, तर 'नोपासडब्ल्यूडी: ऑल', म्हणजे पासवर्ड न विचारता सगळंच. इथला शंकासुर आणि तिथला हा माणूस एकाच घाईत आहेत.

बारीक लिहिलं तरी पाणी मुरतं. कुणाला लॉग वाचायला 'सुडो लेस' दिलंत तर लेसमध्ये (फाइल पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उद्गारचिन्ह मारून तो रूटचं शेल, म्हणजे कमांडांची खिडकी, उघडतो. व्हिम या एडिटरमधूनही तेच, फाइंडच्या -एक्झेकमधूनही तेच. लिनक्सच्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या जुन्या आवृत्त्यांत 'सिस्टमसीटीएल स्टेटस' देखील मजकूर दाखवायला लेस उघडायचं, म्हणजे नुसती अवस्था बघायला दिलेल्या परवानगीतून रूट. फाइल बदलू द्यायची असेल तर सुडोएडिट द्या. तो फाइलची प्रत काढून साध्या अधिकारांवर एडिटर उघडतो आणि शेवटी फक्त प्रत जागेवर ठेवतो. सुडोअर्स फाइल तर व्हिसुडोशिवाय (जपण्याआधी चुका तपासणाऱ्या साधनाशिवाय) उघडूच नये, एक स्वल्पविराम चुकला तर सुडोच बंद पडू शकतं आणि दुरुस्त करायलाही सुडोच लागतं.

तिरपी_रेघ

बरं, मग हे सांगा. 'सुडो एको काहीतरी > /ईटीसी/अमुक' ला 'परवानगी नाही' का येतं? सुडो तर लिहिलंय.

मूळपुरुष

कारण ते '>' चिन्ह सुडोपर्यंत पोचतच नाही. फाइल तुमचं शेल उघडतं, आणि शेल साधं आहे. सुडोने रूट केलं ते फक्त एकोला, ज्याला त्याची गरजच नव्हती. 'एको काहीतरी | सुडो टी /ईटीसी/अमुक' असं करा. टी ही मिळालेलं फाइलमध्ये लिहिणारी कमांड, शेवटी जोडायचं असेल तर तिला -ए द्या. 'सुडो सीडी' न चालण्याचं कारणही जवळचंच, सीडी हा शेलचा आतला भाग आहे, वेगळा प्रोग्रॅम नाही.

तंत्राचा फरक म्हणाल तर सुडो सेटयूआयडी वर उभं आहे. फाइलवर एक बिट, की चालवणारा कुणीही असो, प्रोसेस फाइलच्या मालकाच्या नावाने सुरू होणार. डेनिस रिचीची कल्पना, १९७९ साली बेल लॅब्जला तिचं पेटंट मिळालं. सुटसुटीत आहे, पण म्हणजे सुडो हा प्रोग्रॅम पहिल्या क्षणापासून रूट असतो आणि त्यातली एक चूकही रूटची चूक असते. २०२१ च्या जानेवारीत क्वालिस या सुरक्षा कंपनीने उघड केलेली 'बॅरन सॅमेडिट' अशीच. २०११ पासून कोडमध्ये होती, आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेल्यालाही रूट मिळत होतं. पुढच्याच वर्षी पीकेएक्झेक या सुडोसारख्याच साधनात २००९ पासूनची चूक निघाली.

म्हणूनच आता पर्याय दिसतात. ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीने २०१५ साली ५.८ आवृत्तीत सुडोऐवजी छोटंसं डूॲज आणलं. उबुंटू २५.१० मध्ये रस्ट भाषेत नव्याने लिहिलेलं सुडो आधीपासूनच बसवलेलं येतं. आणि २०२४ च्या सिस्टमडी २५६ मधलं रन-शून्य तर सेटयूआयडी वापरतच नाही. ते आधीपासून रूट असलेल्या सर्व्हिसला सांगतं, 'माझ्यासाठी ही प्रोसेस काढ'. विंडोज नेमकं हेच करते. तेव्हा हसू नका.

तिरपी_रेघ

हसणं मागे घेतलं. टीवालं उत्तर वाचनखूण करून ठेवलंय.

रिकामी_ओळ

मॅकवाल्यांसाठी एक ओळ, कारण कुणीतरी विचारणारच. तिथे सुडो करूनही काही फोल्डर 'परवानगी नाही' म्हणतात, कारण टर्मिनललाच 'फुल डिस्क ॲक्सेस' दिलेला नसतो. आणि सिस्टमच्या फायलींना २०१५ च्या एल कॅपिटनपासून रूटही हात लावू शकत नाही.

पाइपमधलं_पाणी

विंडोजमध्ये पण आता सुडो आलंय ना? ११ वर?

उलटा_स्लॅश

२४एच२ आवृत्तीपासून आहे, सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावं लागतं. तीन तऱ्हा आहेत: नव्या खिडकीत, त्याच खिडकीत पण कीबोर्ड बंद, आणि त्याच खिडकीत सगळं चालू. सुरुवातीला नवी खिडकीच असते. तिसरी सोयीची, पण त्यात छाटलेल्या टोकनावरचे बाकीचे प्रोग्रॅम त्या खिडकीमार्गे ॲडमिन प्रोसेसला काही भरवू शकतात, म्हणून ती विचार करून निवडा.

सुडोअर्ससारखी फाइल मात्र त्यात नाही. 'या माणसाला ही एकच कमांड' असं सांगता येत नाही. यूएसीची खिडकी येतेच. स्टार्ट-प्रोसेस लिहायचा कंटाळा वाचतो, शंकासुरचं काम होत नाही.

शंकासुर

तुमचं बोलणं चाललं तोवर एका मशीनवर करून पाहिलं. आयकॅकल्स चाललं. एसडीशोची ओळ आधी नोटपॅडमध्ये ठेवली, मग आरपी घालून परत दिली. आता साध्या खात्यावर बॅच फाइलने प्रोग्रॅम उघडतो, सर्व्हिस चालू होते, नोंद होते, छापून येतं. पासवर्ड कुठेच नाही!

एकच राहिलं. मेनूतलं 'बॅकअप परत घ्या' दाबलं की पूर्वी वेगळी एक्झी उघडायची आणि पासवर्ड मागायची. आता खिडकी येत नाही, थेट 'फाइल लिहिता येत नाही' म्हणते. तिलाही परवानगी द्यायची का?

रिकामी_ओळ

नको. ते कॉम्पॅट लेयरचं व्हेरिएबल बॅच फाइलमधून प्रोग्रॅमला आणि प्रोग्रॅममधून त्या एक्झीला वारशाने गेलंय, म्हणून तिनेही विचारणं सोडलं. बॅकअप परत घेणं म्हणजे सगळ्यांच्या नोंदींवर जुना डेटा ओतणं. ते साध्या खात्याला जमत नाहीये हे चांगलंच आहे.

ती एक्झी तुम्ही थेट तिच्या फोल्डरमधून, बॅच फाइल न वापरता उघडा. तिथे व्हेरिएबल नसेल, पासवर्ड मागेल, आणि तो तुमच्याकडेच आहे.

शंकासुर

बरोबर, तसंच ठेवतो. बाकीच्या मशीनवर हे एकाच बॅचने करायचंय, पण सर्व्हिसची ओळ सगळीकडे सारखी असेल का?

मूळपुरुष

धरून चालू नका. प्रत्येक मशीनवर आधी एसडीशो, ओळ जुळली तरच एसडीसेट. जुळली नाही तर त्या मशीनचं नाव लॉगमध्ये लिहून बॅचने पुढे जावं, ती तुम्ही नंतर हाताने करा.